मनगटातली नाडी काळजाच्या दारी

बायपास होऊन पंधरा दिवस झालेल्या माणसाला भेटायला मंडळी येतात, तेव्हा प्रत्येकाची नजर आधी त्याच्या छातीकडे जाते. सदऱ्याच्या वरच्या गुंडीपाशी डोकावणारी ती उभी रेघ पाहून कुणीतरी आवाज खाली आणून विचारतं, "फार दुखतं का हो?" आणि तो माणूस लेंगा गुडघ्याच्या वर ओढून पाय पुढे करतो. घोट्याच्या आतल्या बाजूने निघून मांडीत शिरलेली टाक्यांची रांग, ताणलेली चकचकीत कातडी, सुजलेलं पाऊल. "छातीचं काही नाही. हा पाय झोपू देत नाही."

हृदयशस्त्रक्रियेच्या वॉर्डातल्या सिस्टरांना ही तक्रार पाठ असते. ऑपरेशन हृदयाचं आणि गाऱ्हाणं पायाचं, याचं नवल घरच्यांनाच वाटतं. बायपास म्हणजे एकाच वेळी चाललेली दोन ऑपरेशनं आहेत, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. एक ऑपरेशन छातीत चालतं आणि त्याबद्दल सगळे बोलतात. दुसरं हातावर किंवा पायावर, जिथून हृदयासाठी रक्तवाहिनी काढून घ्यायची असते तिथे. हे दुसरं ऑपरेशन बहुतेक वेळा मुख्य सर्जन करतच नाहीत आणि ते कोण करतं हे विचारायचंही रोग्याला सुचत नाही. गेल्या तीस वर्षांत मोठा बदल झाला तो मात्र इथेच. वीतभर चिऱ्याच्या जागी बोटाच्या पेराएवढा चिरा आला आणि पित्ताशयाच्या ऑपरेशनामुळे घराघरात ओळखीची झालेली दुर्बीण हाता-पायात शिरली.

माल अंगातलाच लागतो

हृदय शरीरभर रक्त पाठवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळतं ते बाहेरून त्याला वेढणाऱ्या कॉरोनरी धमन्यांतून. या धमन्या जेमतेम दीड ते चार मिलिमीटर रुंदीच्या. त्यांच्या आत चरबी आणि चुना साचून वाट बुजली की पुढच्या स्नायूची उपासमार होते. गावाबाहेरून बायपास काढायचा तर खडी-डांबर कुठूनही आणता येतं. हृदयाच्या बायपासला लागणारा माल मात्र रोग्याच्याच अंगातून काढावा लागतो. कृत्रिम नळ्या पोटातल्या किंवा मांडीतल्या मोठ्या धमन्यांना चालतात, पण इतक्या बारीक मापात त्यांच्यात रक्त गोठतं.

म्हणून सर्जन शरीरात अशा वाहिन्या शोधतात, ज्या काढून घेतल्या तरी तिथलं काम अडत नाही. अशा जागा मोजक्याच आहेत. पायाच्या आतल्या बाजूची सॅफेनस शीर, छातीच्या पिंजऱ्यामागून जाणारी मॅमरी धमनी आणि मनगटातली रेडियल धमनी, म्हणजेच वैद्य तीन बोटं ठेवून जिची नाडी पाहत आले ती.

सुरुवात धमनीनेच झाली होती. २५ फेब्रुवारी १९६४ रोजी लेनिनग्राडमध्ये वसिली कोलेसोव्ह यांनी छातीतली मॅमरी धमनी टाके घालून हृदयाच्या धमनीला जोडली, तीही चालत्या हृदयावर. शीतयुद्धाच्या त्या काळात या कामाची जगात फारशी वाच्यता झाली नाही. बायपासचं नाव दुमदुमलं ते तीन वर्षांनी, अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमधून. अर्जेंटिनातल्या एका आडगावात बारा वर्षं डॉक्टरकी करून चाळिशीच्या उंबरठ्यावर हृदयशस्त्रक्रिया शिकायला आलेल्या रेने फावालोरो यांनी मे १९६७ मध्ये एका ५१ वर्षांच्या बाईच्या पायाची शीर काढून हृदयाच्या उजव्या धमनीला बसवली. पायातली शीर लांब असते, काढायला सोपी, एकातून तीन-चार तुकडे निघतात. पुढची वीस वर्षं बायपास आणि पायाची शीर हे समीकरणच होऊन बसलं.

शिरेचं दुखणं नंतर कळलं. शीर जन्मल्यापासून हलक्या दाबाचं रक्त वाहायला शिकलेली. हृदयावर बसवताच तिला धमनीचा दाब सोसावा लागतो, म्हणजे आधीच्या दहापट किंवा त्याहूनही जास्त. तिची भिंत जाड होत जाते, आतून खडबडीत होते, मग तिच्यातही चरबी साचू लागते. दहा वर्षांत अशा शिरांपैकी जवळपास निम्म्या एक तर बंद झालेल्या असतात किंवा खराब तरी. १९८६ साली क्लीव्हलँडच्याच फ्लॉइड लूप आणि सहकाऱ्यांनी जवळपास सहा हजार रोग्यांचा हिशोब मांडला. हृदयाच्या समोरच्या मुख्य धमनीला मॅमरी जोडलेल्यांच्या तुलनेत ज्यांना फक्त पायाच्या शिरा लावल्या होत्या, त्यांचा दहा वर्षांत मृत्यू होण्याचा धोका १.६ पट निघाला. तेव्हापासून डावी मॅमरी, डॉक्टरांच्या बोलीत 'लिमा', हा बायपासचा पहिला ग्राफ्ट, म्हणजे जोडायची पहिली वाहिनी, ठरला. लिमा दहा वर्षांनीही दहातल्या नऊ जणांत वाहती असते.

ग्राफ्ट कायमचे टिकतातच असं नाही, हे मोठ्या माणसांच्या बातम्यांतही दिसून गेलं आहे. अमेरिकेचे माजी अध्यक्ष बिल क्लिंटन यांचा सप्टेंबर २००४ मध्ये चार ग्राफ्टचा बायपास झाला. फेब्रुवारी २०१० मध्ये छातीत त्रास होऊ लागला तेव्हा त्यांतला एक ग्राफ्ट पूर्ण बंद झालेला आढळला आणि दोन स्टेंट घालावे लागले. मनमोहन सिंग यांचा पहिला बायपास १९९० मध्ये ब्रिटनमध्ये झाला होता. पंतप्रधानपदी असताना, २४ जानेवारी २००९ रोजी, दिल्लीच्या एम्समध्ये त्यांची छाती पुन्हा उघडावी लागली. तो दुसरा बायपास करणाऱ्या पथकाचे प्रमुख होते मुंबईचे डॉ. रमाकांत पांडा.

लिमा उत्तम खरी, पण ती एक. ब्लॉकेज तीन-चार ठिकाणी असेल तर उरलेल्या जागांना काय लावायचं?

टाकून दिलेली धमनी

मनगटाच्या धमनीचा विचार पॅरिसमध्ये अलँ कार्पांतिए यांनी १९७१ मध्येच केला होता. कल्पना सरळ होती. तळहाताला दोन धमन्या रक्त पुरवतात, अंगठ्याच्या बाजूने रेडियल आणि करंगळीच्या बाजूने अल्नर. तळव्यात त्या कमानीसारख्या एकमेकींना मिळतात. एक काढली तरी दुसरी हात सांभाळते. वीसेक सेंटिमीटर लांबीची, जाड भिंतीची, पहिल्यापासून वरच्या दाबाला सरावलेली धमनी आयती हाती लागते.

पण निकाल वाईट आले. दोन वर्षांच्या आत सुमारे एक तृतीयांश ग्राफ्ट बंद पडले. रेडियलच्या भिंतीत स्नायू भरपूर असतो. हात लागला, गारवा लागला, ओढ बसली की ती आखडते, गोगलगाय अंग चोरते तशी. ती सैल करायला त्या काळी आतून धातूची सळई फिरवत. कार्पांतिए यांनी पद्धत सोडून दिली आणि इतरांनाही सोडायला सांगितलं.

त्यानंतर जे झालं ते वैद्यकाच्या इतिहासात वरचेवर घडत नाही. १९८९ च्या सुमारास जुन्या रोग्यांपैकी एकाची अँजिओग्राफी झाली आणि बंद पडली असं धरलेली रेडियल धमनी त्यात मोकळी, गुळगुळीत, वाहती दिसली. पंधरा वर्षांहून अधिक काळ ती बिनबोभाट काम करत होती. क्रिस्तोफ अकार आणि कार्पांतिए यांनी पुन्हा हात घातला, मात्र रीत बदलून. धमनी सोलून एकटी काढायची नाही, शेजारच्या दोन बारीक शिरा आणि भोवतालची चरबी यांच्यासकट उचलायची. आत सळई घालायची नाही, औषधाने सैल करायची. ऑपरेशननंतर ती आखडू नये म्हणून डिल्टियाझेमसारखं औषध सुरू ठेवायचं. १९९२ मध्ये त्यांनी ही 'पुनरुज्जीवना'ची हकिगत प्रसिद्ध केली. २०१८ मध्ये सहा चाचण्यांतल्या १,०३६ रोग्यांची माहिती एकत्र पाहिली गेली, तेव्हा साधारण चार-पाच वर्षांनी बंद पडलेल्या रेडियल निघाल्या सुमारे आठ टक्के आणि पायाच्या शिरा वीस टक्के.

पहिल्या खेपेला धमनी नापास झाली नव्हती, ती काढण्याची पद्धत नापास झाली होती. नळी कुठली यापेक्षा ती कशी काढली यावर तिचं आयुष्य ठरतं, हे तेव्हा उघड झालं.

दुर्बीण हातात शिरते

रेडियल काढण्याआधी एक साधी परीक्षा घेतली जाते. अमेरिकेतले डॉक्टर एडगर अ‍ॅलन यांनी १९२९ साली ती एका वेगळ्याच आजारासाठी सुचवली होती. माणसाने मूठ घट्ट आवळायची, डॉक्टरांनी मनगटावरच्या दोन्ही धमन्या अंगठ्यांनी दाबून धरायच्या. मूठ उघडली की तळवा पीठ लावल्यासारखा पांढराफटक दिसतो. मग फक्त करंगळीकडचा अंगठा उचलायचा. पाच-सात सेकंदांत तळव्यावर लाली पसरली तर अल्नर एकटी हात सांभाळायला समर्थ आहे. लाली रेंगाळली तर त्या हाताला हात लावायचा नाही. आता सोबतीला सोनोग्राफी असते आणि बोटाला लावायचा ऑक्सिजनचा चिमटाही. हात निवडताना डावरा-उजवा बघतात आणि पोटापाण्याचा धंदाही विचारतात. तबला वाजवणाऱ्याला किंवा बोटांच्या बारीक कसबावर जगणाऱ्याला पायाची शीर बरी वाटू शकते.

उघड्या पद्धतीत मनगटापासून कोपरापर्यंत, पंधरा-वीस सेंटिमीटरचा चिरा घेतात. सगळं डोळ्यांसमोर दिसतं, काम सुरक्षित होतं, पण हातावर कायमची वळवळती रेघ राहते. शर्टाची बाही दुमडली की ती दिसते आणि 'काय झालं होतं?' हा प्रश्न येतो.

दुर्बिणीच्या पद्धतीत हेच काम अडीच-तीन सेंटिमीटरच्या फटीतून होतं. टेबलाला जोडलेल्या आडव्या फळीवर डावा हात तळवा वर करून पसरलेला असतो. बोटांपासून दंडाकडे रबरी पट्टी घट्ट गुंडाळत नेतात, हातातलं रक्त वर ढकललं जातं. मग दंडावरचा पट्टा, ब्लडप्रेशर पाहताना बांधतात तसाच, पण त्याहून बराच जास्त फुगवतात. हात आता रक्ताविना आहे. भिंतीवरच्या घड्याळात वेळ टिपली जाते, कारण हा पट्टा फार वेळ ठेवता येत नाही.

मनगटाच्या घडीच्या थोडं वर छोटा चिरा पडतो. खालचा पांढरा पडदा उघडला की धमनी दिसते, दोन्ही अंगांना एकेक बारीक शीर घेऊन चाललेली. आता आत जाते पेन्सिलीएवढी नळी, टोकाला पारदर्शक शंकू आणि त्यामागे कॅमेरा. चिरा रबरी बुचाने बंद करून कार्बन डायऑक्साइड आत सोडतात. त्या हलक्या दाबाने स्नायू आणि धमनी यांच्यामध्ये एक बोगदा उघडतो. पडद्यावर दिसतो तो पिवळसर चरबीचा, कापसाच्या तंतूंसारख्या पांढऱ्या जाळीचा आणि मधोमध गुलाबी दोरीसारख्या धमनीचा प्रदेश. शंकू आधी धमनीच्या वरून, मग खालून आणि दोन्ही बाजूंनी हलकेच पुढे सरकतो. तंतू सुटत जातात, फांद्या उघड्या पडतात.

खरी कसोटी या फांद्यांची. धमनीपासून स्नायूत जाणाऱ्या या बारीक शाखा एकेक करून विजेच्या उष्णतेने डागून कापायच्या असतात, आणि कापायच्या त्या धमनीपासून दोन-तीन मिलिमीटर दूर. फार जवळ कापली तर चटका धमनीच्या भिंतीला बसतो. ओढून कापली तर फांदी मुळापासून उपटते आणि धमनीला भोक पडतं. अंगठ्याच्या पाठीला संवेदना देणारी एक नसही याच वाटेवर आहे. तिला धक्का लागला तर अंगठ्याची पाठ काही महिने बधिर राहते.

कोपराच्या अलीकडे पोचल्यावर तिथे छोटंसं छिद्र घेऊन धमनी बांधतात, कापतात आणि मनगटाच्या फटीतून सावकाश बाहेर ओढून घेतात. ती लगेच औषधाच्या द्रावणात जाते. त्यात रक्त गोठू न देणारं हेपारिन असतं आणि धमनी सैल ठेवणारं औषध. फांद्यांच्या तोंडांना बारीक क्लिपा लागतात. पट्टा सोडला जातो, तळव्यावर लाली परतते, कुठे रक्त पाझरतं का ते पाहून टाके घालतात आणि हात क्रेप बँडेजमध्ये गुंडाळतात. सरावलेल्या माणसाला हे सगळं पाऊण तासात जमतं. तोवर पलीकडे सर्जन छातीच्या आतून लिमा मोकळी करत असतात. टेबलाच्या डाव्या अंगाला त्या वेळी उभं राहायलाही नीट जागा नसते.

कातडी वाचली, नळीचं काय?

दुर्बिणीने आधी शीर काढायला सुरुवात झाली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यासाठीचे खास संच बाजारात आले. मग तीच अवजारं हाताकडे वळली. रोगी खूश होते. पायाची सूज कमी, टाके कमी, चालणं लवकर. मधुमेही आणि स्थूल माणसांना याचा सर्वांत जास्त फायदा, कारण त्यांच्याच पायांचे लांब चिरे भरून यायला वेळ लागतो, पिकतात. अमेरिकेत ही पद्धत बघता बघता रूढ झाली.

जुलै २००९ मध्ये धक्का बसला. वेगळ्याच औषधाच्या चाचणीत सामील झालेल्या ३,००० बायपास रोग्यांची माहिती संशोधकांनी पुन्हा चाळली. १,७५३ जणांची शीर दुर्बिणीने काढली होती, १,२४७ जणांची उघडी. वर्ष-दीड वर्षाने अँजिओग्राफीत दुर्बिणीच्या गटातल्या ४६.७ टक्के रोग्यांत शिरेचा ग्राफ्ट बिघडलेला निघाला, उघड्या गटात ३८ टक्के. तीन वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा उपचाराची गरजही दुर्बिणीच्या गटात जास्त होती. कातडी वाचवायच्या नादात आपण नळी तर बिघडवत नाही ना, असा प्रश्न जगभरच्या परिषदांत विचारला जाऊ लागला.

प्रश्न रास्त होता. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा फक्त एक थर असतो. हाच थर नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवतो आणि रक्त गोठू देत नाही. तो खरवडला की गुठळीला जागा मिळते. बोगद्यातून ओढताण झाली, चटका बसला, सिरिंजने जोरात पाणी मारून नळी फुगवली, वायूच्या दाबाखाली शिरेत रक्त साकळलं, यांतल्या कशानेही हा थर दुखावतो. बाहेरून नळी धडधाकट दिसते. टाके घालणाऱ्या सर्जनलाही कळत नाही.

त्यामुळे शिस्त वाढली. शीर काढण्याआधीच हेपारिन द्यायला सुरुवात झाली, वायूचा दाब कमी केला गेला, नळी फुगवण्याची घाई थांबली. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या दोन लाख पस्तीस हजारांवर रोग्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दुर्बिणीमुळे मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. २०१९ मध्ये निर्णायक उत्तर आलं. माजी सैनिकांच्या १६ अमेरिकन रुग्णालयांत १,१५० रोग्यांची चिठ्ठी टाकल्यासारखी विभागणी केली होती. पावणेतीन वर्षांच्या आसपास मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पुन्हा उपचार यांचं प्रमाण उघड्या गटात १५.५ टक्के आणि दुर्बिणीच्या गटात १३.९ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. पायाची जखम पिकण्याचं प्रमाण मात्र ३.१ वरून १.४ टक्क्यांवर आलं. या चाचणीची एक अट बातम्यांत क्वचितच आली. शीर काढणाऱ्याने आधी शंभरहून अधिक वेळा हे काम केलेलं असलंच पाहिजे. २००९ च्या आकड्यांत अशी चाळणी नव्हती.

रेडियलचा अनुभव तुलनेने सुखाचा आहे. जाड भिंतीची धमनी बोगद्यातला प्रवास शिरेपेक्षा बरा सोसते. दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दुर्बिणीने काढलेली धमनी उघड्या पद्धतीइतकीच वाहती राहिली, दुखणं आणि व्रण कमी. हात बधिर होण्याचा त्रास मात्र दोन्हीकडे थोड्याफार फरकाने राहतोच.

याच्या अगदी उलट दिशेने चाललेली एक वाटही आहे. स्वीडनमधल्या ओरेब्रो शहरात डोमिंगोस सूझा यांनी १९९० च्या दशकात पायाची शीर भोवतालच्या चरबीच्या गादीसकट, चिमट्याचा स्पर्शही न करता आणि न फुगवता काढायला सुरुवात केली. त्यांच्या छोट्या अभ्यासात १६ वर्षांनी अशा ८३ टक्के शिरा वाहत्या होत्या, नेहमीच्या पद्धतीच्या ६४ टक्के. चीनमधल्या २,६५५ रोग्यांच्या चाचणीतही वर्षाअखेरीला बंद पडलेल्या शिरा ६.५ वरून ३.७ टक्क्यांवर आल्याचं २०२१ मध्ये दिसलं. पण यासाठी पायाला लांब चिरा हवाच, आणि चरबीही काढून घेतल्यावर तो भरायला अधिक त्रास देतो. नळीला जपावं तर पाय रडतो. दुर्बिणीतूनच चरबीसकट शीर काढता येईल का, यावर आता काही ठिकाणी प्रयोग सुरू आहेत.

छातीतली लिमाही या हालचालीतून सुटलेली नाही. तिचं मूळ टोक जागेवरच राहतं, फक्त पिंजऱ्याच्या आतून सोडवून हृदयाकडे वळवायची असते. १९९८ मध्ये पॅरिसमध्ये कार्पांतिए यांच्याच पथकाने रोबोटच्या हातांनी, छाती न फाडता, हे काम करून दाखवलं. बरगड्यांमधल्या छिद्रांतून कॅमेरा आणि अवजारं आत जातात, सर्जन काही फुटांवर बसून ती चालवतात. अमेरिकेत असे शेकडो बायपास केलेले भारतीय वंशाचे सर्जन सुधीर श्रीवास्तव यांनी गुरुग्राममध्ये 'मंत्र' नावाचा देशी रोबोट उभा केला आहे. मात्र चार-पाच ग्राफ्ट लागणाऱ्या रोग्याला आजही बहुतेक ठिकाणी छातीचं हाड उघडूनच बायपास होतो.

एका धमनीवर दोघांचा डोळा

भारतातला पहिला बायपास १९७५ मध्ये चेन्नईतल्या पेरांबूर रेल्वे रुग्णालयात डॉ. के. एम. चेरियन यांनी केला. शस्त्रक्रियेत हाताखाली काम करणाऱ्या फिजिशियन असिस्टंटचा देशातला पहिला अभ्यासक्रमही त्यांनीच चेन्नईत १९९२ मध्ये सुरू केला. अनेक रुग्णालयांत पायाची शीर किंवा हाताची धमनी काढणारा माणूस याच पेशातला किंवा शिकाऊ सर्जन असतो. डिस्चार्ज कार्डावर त्याचं नाव नसतं. पण दहा वर्षांनी ग्राफ्ट वाहतो की नाही, यात त्या पाऊण तासाचाही वाटा असतो.

आपल्याकडे एक वेगळीच अडचण उभी राहिली आहे. पूर्वी अँजिओग्राफी जांघेतून होई. १९८९ मध्ये कॅनडातल्या लुसियाँ कांपो यांनी ती मनगटातून करून दाखवली आणि आता मुंबई-पुण्यापासून जिल्ह्याच्या गावापर्यंत 'हातातून अँजिओग्राफी' ही रोजची गोष्ट झाली आहे. रोगी तासाभरात उठून बसतो, जांघेवर वाळूची पिशवी ठेवून पडून राहावं लागत नाही. पण ज्या धमनीतून नळी घातली, तिच्या आतल्या नाजूक थराला ओरखडे पडतात आणि सर्जन ती बायपाससाठी घ्यायला कचरतात. कार्डिओलॉजिस्टला दार म्हणून हवी असते तीच धमनी सर्जनला रस्ता म्हणून. बहुतेक डॉक्टर उजव्या मनगटातून अँजिओग्राफी करतात आणि डावं मनगट सर्जनसाठी उरतं, हे त्यातल्या त्यात बरं.

रेडियल सरसकट सगळ्यांना चालतही नाही. ज्यांना पुढेमागे डायलिसिस लागण्याचा संभव आहे, त्यांच्या हाताच्या वाहिन्या त्यासाठी राखून ठेवाव्या लागतात. शिवाय ज्या धमनीला ती जोडायची तिच्यातला ब्लॉकेज तीव्र हवा, डाव्या बाजूला साधारण ७० टक्क्यांच्या वर, उजव्या बाजूला ९० च्या आसपास. जुन्या वाटेने बऱ्यापैकी रक्त येत राहिलं तर नव्या धमनीला काम उरत नाही आणि ती दोरीसारखी आकसून बंद होते.

खर्चाचाही भाग आहे. दुर्बिणीचा संच एकदा वापरून टाकून द्यायचा असतो, त्यामुळे बिल वाढतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बायपास बसतो, पण पॅकेजची रक्कम ठरलेली असते आणि वाढीव अवजाराला त्यात जागा काढावी लागते. दुर्बिणीऐवजी दोन-तीन छोटे चिरे घेऊन मधल्या कातडीखालून शीर सोडवण्याची बिनदुर्बिणीची रीत काही सर्जन वापरतात. तीही पायाला सुसह्य असते.

तारीख ठरण्याआधी नातेवाईक बहुधा दोनच प्रश्न विचारतात, ग्राफ्ट किती आणि खर्च किती. त्यांत आणखी तीन घालायला हरकत नसते. ग्राफ्ट कुठून घेणार? कसा काढणार, उघडा की दुर्बिणीतून? आणि काढणाऱ्याचा हात किती सरावलेला आहे? अँजिओग्राफी कुठल्या हातातून झाली हेही घरच्यांनी लक्षात ठेवलेलं बरं, कारण सर्जन ते विचारतातच.

रेडियल दिलेल्या माणसाला घरी जाताना गोळ्यांच्या यादीत धमनी सैल ठेवणारं औषध लिहून मिळतं, काही महिन्यांसाठी, कधी वर्षभर. हातावर बोटाच्या पेराएवढा व्रण राहतो, घड्याळाच्या पट्ट्याखाली झाकला जाईल इतका. काही महिन्यांनी तापासाठी तो गावातल्या डॉक्टरकडे जातो. डॉक्टर सवयीने डावं मनगट धरतात, बोटं जरा इकडेतिकडे सरकवतात, भुवया उंचावतात. तिथे नाडी एक तर अगदी क्षीण लागते, नाहीतर लागतच नाही. मग तो माणूस डावा हात सोडवून घेतो आणि उजवा पुढे करतो.